मॉरिशसवाले सर

मला नोकरीवर घेताना सरांनी एकच प्रश्न विचारला. "मॅडम, भिवंडीची नैऋत्य कुठली?"

मुलाखतीला आम्ही पाच जणी होतो. बाकीच्या चौघी छताकडे बघायला लागल्या. मी कशेळीच्या पुलाच्या दिशेला हात केला आणि म्हणाले, "ठाण्याकडे." सर म्हणाले, "सोमवारपासून या." माझा बायोडेटा त्यांनी उघडलासुद्धा नाही. टायपिंगचं सर्टिफिकेट आणि दापोड्याच्या ट्रान्सपोर्टमधल्या सहा वर्षांच्या अनुभवाचं पत्र मी जसं नेलं होतं तसंच पिशवीतून परत आणलं.

आमचं ऑफिस निजामपुऱ्यात होतं, लूमचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानाच्या वर. मागच्या गल्लीतली खटखट थांबली की लाईट गेली असं समजायचं. सर भूगोलाचे निवृत्त शिक्षक. त्यांची पर्यटन कंपनी एकाच देशाची होती, मॉरिशस. दुसरा देश ते विकतच नसत. कोणी दुबईचं विचारलं तर म्हणत, "दुबई खाली मिळते, पानवाल्याच्या शेजारी." अख्खी भिवंडी त्यांना मॉरिशसवाले सर म्हणायची.

सर स्वतः मॉरिशसला कधीच गेले नव्हते. गिऱ्हाइकांनी विचारलं की म्हणत, "गॅदरिंगमध्ये मास्तरानं नाचायचं नसतं." पण भिंतीवर दोन घड्याळं होती, एक भिवंडीचं, एक पोर्ट लुईसचं. पोर्ट लुईस आपल्यापेक्षा दीड तास मागे. सरांचा डबा तिथल्या घड्याळानं उघडायचा. डॉक्टरांनी ब्लडप्रेशरची गोळी सकाळी आठला सांगितली होती, ती ते साडेनऊला घेत. मी एकदा टोकलं, तर म्हणाले, "आठच वाजलेत."

जाहिरातीची पत्रकं मी तयार करायची आणि सर काळ्या पेनानं त्यातली विशेषणं खोडायचे. "'स्वर्गीय' लिहिलंत. स्वर्गाचे अक्षांश सांगा, मग छापू." एका पत्रकात मी 'समुद्राखालचा धबधबा' घातला होता, कारण सगळ्याच कंपन्या घालतात. ते वाचून त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "पाण्याखाली पाणी कसं पडेल? वाळू घसरते तिथे. वरून बघणाऱ्याला धबधबा वाटतो. आपण वरून बघणाऱ्यांची कंपनी नाही." पत्रक पुन्हा छापावं लागलं.

हे सगळं मी सहन करत होते. सहन होत नव्हती ती त्यांची परीक्षा.

आमच्याकडून मॉरिशसला जाणाऱ्या प्रत्येकाला त्या बेटाचा नकाशा काढून दाखवावा लागे. पाहून नाही, आठवून. त्याशिवाय पासपोर्ट कपाटातून बाहेर येत नसे. बेटाचा आकार, राजधानी, मधला गंगा तलाव, शामारेलची रंगीत माती, वारा कुठून येतो त्याचा बाण. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बेटाभोवतीची प्रवाळाची भिंत आणि तिच्यातल्या खिंडी. ती लाल पेन्सिलीनं. भिंत विसरलात तर परत बसा. खिंड विसरलात तरी परत बसा. नवीन लग्न झालेली जोडपी रडकुंडीला यायची. माझं रोजचं काम म्हणजे याद्या: तिकीट, हॉटेल, विमा, परकीय चलन, आणि शेवटची चौकट 'नकाशा'. बाकीच्या चौकटींवर मी एका दुपारी खुणा करून टाकायचे. नकाशाची चौकट आठ-आठ दिवस रिकामी राहायची.

"हे कशाला सर?" मी पहिल्याच महिन्यात विचारलं होतं.

"पायाखाली काय आहे ते माहीत नसलेला माणूस पर्यटक नसतो मॅडम, पार्सल असतं. पार्सलं पाठवायला भिवंडीत गोडाऊनं पुष्कळ आहेत."

दुसरं कारण त्यांनी बऱ्याच दिवसांनी सांगितलं. "आपल्याकडची माणसं बोटीत बसून उसाच्या कामाला तिथं गेली. खालून काळा दगड उपसून त्यांनी शेतं केली, त्या दगडांचे ढीग अजून उसात उभे आहेत. त्यांची नातवंडं-पतवंडं आजही गणपती बसवतात. त्यांच्यासमोर तुम्ही भिवंडीचे म्हणून उभे राहणार. निदान त्यांचं बेट तरी नीट काढता यावं."

सरांच्या यादीतली एकही चौकट मी कधी खोटी भरली नव्हती. एकदा भरली. त्यापायी एका माणसाचा जीव जाणार होता. त्याचीच ही हकिकत.

भिवंडीजवळच्या वळ गावातल्या एका कुटुंबातली चोवीस माणसं एकदम आली. पूर्वीचे शेती आणि खाडीवर जगणारे, आता जमिनीवर गोडाऊनं. घरातल्या थोरल्यांना साठ वर्षं पूर्ण होत होती, त्यांना सगळे दादा म्हणायचे. सहल त्यांच्यासाठीच होती आणि ठरवली होती त्यांच्या पुतण्यानं, ज्याच्या दोन्ही हातांत सतत दोन फोन असत.

"सर, आम्ही फिरायला चाललोय का पेपर द्यायला?" पुतण्या म्हणाला.

"आधी पेपर, मग फिरणं," सर म्हणाले.

दादा हसले. मोठे, रुंद हाताचे, कमी बोलणारे. "आमी खाडीची मानसं सर. आमाला पानी शिकवता?"

"पाणी नाही शिकवत. पाण्याखालचं शिकवतो."

त्याच संध्याकाळी मला फोन आला. दादांच्या बायकोचा, वहिनींचा. आवाज दबका होता. "मॅडम, येक सांगू का? कोनाला बोलू नका. यांना लिवता येत न्हाय. सही तेवडी येते. पुतन्याला ठावं न्हाय, सुनांना ठावं न्हाय. सगल्यांसमोर कागद-पेन्शील हातात दिली तं तो मानूस सहलीला येनारच न्हाय. तेवडं सांभालून घ्या."

मी म्हटलं, "बघते."

परीक्षा वळला त्यांच्याच एका रिकाम्या गाळ्यात झाली. दादा दाढ दुखते म्हणून घरी राहिले. दुपारी पंगत बसली तेव्हा सरांनी स्वतःच्या ताटात भाताचं गोल आळं केलं आणि मधे वरण ओतलं. "हा भात म्हणजे प्रवाळाची भिंत. आत सरोवर, उथळ, शांत. बाहेर समुद्र. लाटा भिंतीवरून पाणी आत टाकतात. मग ते पाणी बाहेर जातं कुठून?" त्यांनी बोटानं भाताला खाच पाडली. वरण तिथून भळकन ताटात आलं. "इथून. ही खिंड. नदी जिथे समुद्राला मिळते तिथे गोड्या पाण्यात प्रवाळ वाढत नाही, म्हणून नदीसमोर खिंड. सगळं पाणी तिथून बाहेर ओढतं. दिवस-रात्र." सुना माना डोलवत होत्या. पोरं त्यांचं बघून आपापल्या भाताला खाचा पाडत होती.

संध्याकाळी तेवीस नकाशे माझ्या फाईलमध्ये होते.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "दादांचा?"

"झाला सर. घरून काढून पाठवला."

"तुम्ही पाहिलात?"

"हो."

ते माझ्या यादीवर कधीच दुसरा हात फिरवत नसत. पासपोर्ट कपाटातून बाहेर आले. मी खूण केली. तेवीस खुणांखाली चोविसावी, सरळ रेषेत.

सहलीच्या पाचव्या दिवशी भिवंडीच्या घड्याळात पाच वाजायला दहा मिनिटं असताना फोन वाजला. पलीकडे आमची तिथली गाईड होती. मॉरिशसचीच मराठी मुलगी, मराठी पणजीकडून आलेलं. एरवी ती 'नमस्कार सर, मजेत ना' असं गाण्यासारखं म्हणायची. त्या दिवशी तिनं नमस्कार केला नाही.

"सर, दादा नाहीत. जेवणानंतर हॉटेलची छोटी होडी घेऊन गेले, ती एकट्यानं वल्हवायची, कयाक. जाकीट नाही घातलं. म्हणाले, मला नको. आता दोन तास झाले. किनाऱ्यावर वल्हं सापडलं आहे."

सर उभे राहिले. पोर्ट लुईसच्या घड्याळात तीन वीस. "अंधार किती वाजता?"

"पावणेसहा."

"बोटी?"

"हॉटेलच्या दोन आणि पोलिसांची एक. मोठ्या खिंडीतून बाहेर समुद्रात गेल्या आहेत. त्यांचं म्हणणं, ओढून बाहेर नेलं असेल."

"कोण आहे जवळ?"

"सगळे धक्क्यावर. वहिनी इथे गॅलरीत, माझ्याजवळ."

सरांनी फोन टेबलावर ठेवला, स्पीकर लावला. भिंतीवर त्यांनी स्वतः काढलेला मोठा नकाशा होता, त्याच्याजवळ गेले आणि नैऋत्य किनाऱ्यावर बोट ठेवलं. ते हॉटेल दोन नद्यांच्या मधे होतं. उत्तरेची मोठी, तिच्यासमोरची खिंड मोठी, बोटी जा-ये करणारी. दक्षिणेची लहान, तिच्यासमोरची खिंड चिंचोळी.

"मॅडम, दादांचा नकाशा काढा."

"सर?"

"त्यांनी दक्षिणेची खिंड दाखवली असेल तर ते तिकडे जाणार नाहीत. माहीत असलेल्या ठिकाणी माणूस बुडत नाही. मग उत्तरेला शोधायचं. दाखवली नसेल तर उलट. काढा लवकर."

मी कपाट उघडलं. फाईल घेतली. आत तेवीस कागद आहेत हे मला माहीत होतं, तरी मी ते चाळले. खालच्या दुकानात कोणी तरी लोखंडी पट्ट्या ओतल्यासारखा आवाज झाला.

"मॅडम."

"नकाशा नाहीये सर."

"हरवला?"

"काढलाच नव्हता. मी खोटी खूण केली."

सरांनी चष्मा काढला. माझ्याकडे बघितलं नाही, यादीकडे बघितलं. "का?"

मी फोनकडे बघितलं. पलीकडे वहिनी ऐकत होत्या. 

फोनमधून त्यांचाच आवाज आला, रडून जड झालेला. "तिला काय बोलू नका सर. मीच सांगलं व्हतं. त्यांना लिवता येत न्हाय. चारचौघांत कागद नको म्हनून मीच बोल्ले."

सरांनी चष्मा परत लावला. "वहिनी," ते म्हणाले, "नकाशाला अक्षरं लागत नाहीत."

 मला माझ्या हातातली फाईल जड झाली.

"ते राहू द्या," सर म्हणाले. आवाज आता वर्गातला होता. "मी विचारतो त्याची उत्तरं द्या. दादा खाडीत होडी घालायचे?"

"ल्हानपनापासून."

"होडी बाहेर ओढली जायला लागली, वल्हं हातात नाही, तर काय करायचे?"

"वल्हं नसल तं..." वहिनी थांबल्या. "ओहोटी हाय बोलायचे. ओहोटीशी भांडायचं न्हाय. जाल्याचा खांब दिसल त्याला होडी बांदायची आन् बसून ऱ्हायचं. भरती आली का तीच घरी आनते."

सरांचा हात नकाशावरून खाली सरकला आणि दक्षिणेच्या चिंचोळ्या खिंडीवर थांबला.

"गाईड मॅडम, लहान खिंडीपाशी खांब आहेत का? खुणेचे?"

"आहेत, लोखंडी. दोन. पण तिथून मोठी बोट जात नाही सर, प्रवाळ लागतो. म्हणून तिकडे आतून कोणी गेलं नाही. बाहेरून बघितलं."

"बाहेरून लाटा फुटतात. त्यांच्या आड बसलेला माणूस दिसायचा नाही. बोटी परत बोलवा. सपाट तळाची होडी घ्या, आतून जा. ते वाहून गेलेले नाहीत. ते वाट बघत बसलेत."

"कसली वाट?"

"भरतीची. आमच्या खाडीत पाणी दोन पुरुष चढतं-उतरतं. तुमच्याकडे भरती हातभर. त्या खिंडीत पाणी उलटं फिरणारच नाही. त्यांचे हात सुटेपर्यंत ते खांब धरून बसतील."

गाईडला पटलं असावं, कारण तिचं तिथल्या क्रिओल भाषेतलं ओरडणं दूर-दूर जात ऐकू आलं. पण बोटवाल्यांना पटत नव्हतं. पुतण्याचा आवाज आला, "भिवंडीत बसलेला म्हातारा सांगतोय आणि तुम्ही बोटी परत बोलावताय? माझा काका समुद्रात हाय!" मग पुष्कळ माणसं एकदम बोलायला लागली.

सरांनी फोनवर वाकून ओरडून काही सांगितलं नाही. ते फक्त म्हणाले, "वहिनी, तुम्ही सांगा त्यांना. खाडीत काय करतात ते."

चपलांचा फटफट आवाज. जिना. मग वारा. मग वहिनी धक्क्यावरून ओरडत होत्या, आणि त्या बाईचा इतका मोठा आवाज मी नंतर कधी ऐकला नाही. "आपला मानूस खांब सोडनार न्हाय! आतून जा बोल्ले ना!"

फोन चालूच राहिला. आम्हाला फक्त वारा ऐकू येत होता. भिवंडीच्या घड्याळात सहा वाजले, सव्वासहा, साडेसहा. मी उभीच होते; खुर्ची शेजारी होती पण बसायची हिंमत झाली नाही. सर नकाशाकडे पाठ करून खिडकीत उभे होते. एकदा त्यांनी विचारलं, "त्यांना पोहता येत असेल?" आणि स्वतःच म्हणाले, "तिथे पोहून उपयोग नाही." खिंडीतून माणूस सुटला की पुढे मोकळा समुद्र, हे मलाही नकाशावर दिसत होतं. तोपर्यंत मी तो नकाशा कितीदा पाहिला होता, पण त्यातली निळी जागा म्हणजे पाणी आहे हे त्या दिवशी कळलं.

सात वाजून दहा मिनिटांनी गाईडचा आवाज आला. ती रडत होती आणि हसत होती. दादा खांबाला होते. होडी पंच्यानं बांधलेली, पंचा अर्धा फाटलेला, प्रवाळानं पाय सोलून निघालेले. होडीवाल्यांनी आणि तिनं ओढून घेतलं तेव्हा त्यांनी पहिलं काय विचारलं, तेही तिनं सांगितलं.

"'भरती कवा येते गो इथं?' असं विचारलं सर. मला."

सर खुर्चीवर बसले.  त्यांची जायची वेळसुद्धा पोर्ट लुईसच्या घड्याळाची, तिला अजून तास-दीड तास होता, पण त्यांनी छत्री उचलली आणि मला काही न बोलता घरी गेले.

दुसऱ्या दिवशीही ते बोलले नाहीत. तिसऱ्याही. काम चालू होतं, पत्रकं खोडली जात होती, पण 'का' हा प्रश्न पुन्हा आला नाही. त्या चार दिवसांत मी राजीनामा दोनदा टाईप केला.

मंडळी परत आली आणि दुसऱ्याच सकाळी सगळी ऑफिसात. जिन्यावर चपला मावेनात. पेढ्यांचा खोका टेबलावर. दादा लंगडत आले, पायाला पट्ट्या. पुतण्यानं आधी सरांच्या पाया पडून घेतलं आणि मग उभा राहून म्हणाला, "सर, तुमचे उपकार हायेत. पण एक विचारू? आम्हाला सगळ्यांना पेपर लावलात. पोरांनासुद्धा. मग माझ्या काकालाच का सोडलंत? त्यांनी नकाशा काढला असता तर तिकडे गेले असते का?"

सगळे सरांकडे बघायला लागले. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. खरं सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यानंतर 'का' आलं असतं आणि 'का' म्हटलं की दादांची साठ वर्षं झाकलेली गोष्ट त्यांच्या सुनांसमोर टेबलावर आली असती. मी तोंड उघडलं तेवढ्यात सर म्हणाले, "माझी चूक. मी तपासायला विसरलो."

सर विसरलो म्हणाले! वहिनींनी मान खाली घातली. पुतण्यानं जीभ चावली, पण चेहऱ्यावर आलंच, की म्हातारा थकला आता. संध्याकाळपर्यंत ते वळभर आणि उद्यापर्यंत भिवंडीभर होणार होतं.

"सर इसरले न्हाईत," दादा म्हणाले.

"दादा, राहू द्या," सर म्हणाले.

"ऱ्हाऊ दे काय? माझ्यापायी तुमी खोटं बोलताव." ते पुतण्याकडे वळले. "मना लिवता येत न्हाय. म्हनून मी दाढ दुकते बोल्लो आन् घरी बसलो. तुज्या काकीनं मॅडमला सांगलं, मॅडमनं सोडलं. येवडीच बात."

"काका, तुम्ही तर सही करता..."

"सहीच करतो. गोडाऊनचं सगलं कागद तूच वाचून दावतस ना मला? कंदी इचारलंस का, काका, तू का न्हाय वाचत?"

 धाकट्या सुनेनं उठून दादांना आपली खुर्ची दिली. सरांनी स्वतःची खुर्ची उचलून त्यांच्यासमोर आणून ठेवली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. "दादा, पाणी ओढायला लागलं तेव्हा होडीच्या बुडाला काय कळलं? मी नुसतं पुस्तकात वाचलंय."

दादा सांगत होते आणि सर ऐकत होते. पोर्ट लुईसचे बारा वाजून गेले, तरी डबा उघडला नाही.

मंडळी गेल्यावर सरांनी ती यादी माझ्यासमोर ठेवली. "खूण खोडा."

मी खोडली. "काय लिहू?"

"जे झालं ते."

मी लिहिलं: नकाशा काढला नाही. मला दया आली.

सरांनी वाचलं. लाल पेन्सिल घेतली आणि 'दया'खाली रेघ मारली. "दया आली असती तर तुम्ही त्यांच्या घरी गेला असतात. ओटीवर बसून, तांदूळ मांडून, बेट दाखवलं असतंत. कोणाला कळलंही नसतं. पुन्हा बघा, काय होतं ते."

मी यादीकडे बघितलं. तेवीस खुणा आणि एक खोडलेली चौकट. त्या दिवशी ती रिकामी मला बघवली नव्हती, एवढंच होतं. मी 'दया' खोडून 'घाई' लिहिलं. सरांनी खाली सही केली.